दुसऱ्याचं कुत्रं-मांजर सांभाळता? मग इन्शुरन्स घ्यायच्या आधी हे वाचा

गोरेगावात माझं ग्रूमिंगचं छोटं दुकान आहे, एक टब, एक टेबल, दोन ब्लोअर आणि मदतीला एक पोरगा. त्याआधी चार वर्षं मी नुसतं डॉग वॉकिंग करायचो आणि इन्शुरन्स काय चीज आहे ते त्या काळातच शिकलो, महागात शिकलो. जुलैमधली सकाळ, साडेसहा वाजलेले, रस्ता ओला, एका सोसायटीतला ३२ किलोचा लॅब गेटमधून बाहेर काढत होतो आणि उभ्या रिक्षाखालून एक मांजर सुटलं. लॅबने झेप घेतली, पट्टा माझ्या मुठीतून सुटला नाही हे खरं, पण तो ताणलेला पट्टा बाजूने चाललेल्या आजोबांच्या पायात आला आणि आजोबा बसले खाली. खुब्याचं हाड. त्यांचा मुलगा भला माणूस, आवाज न चढवता विचारलं, "दादा, तुमचा काही इन्शुरन्स वगैरे आहे का?" नव्हता. कुत्र्याच्या मालकाने थोडे दिले, बाकीचे मी आठ महिने हप्त्याने फेडले.

मग धडा घेऊन पॉलिसी काढली ती पण चुकीची काढली, ते पुढे येईलच. वॉकर, सिटर, ग्रूमर, बोर्डिंगवाले (मालक बाहेरगावी गेला की प्राणी ठेवून घेणारे), ट्रेनर, पेट टॅक्सीवाले आणि नुकतंच क्लिनिक टाकलेले डॉक्टर, जे कोणी नव्याने या लाइनमध्ये येतायत त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिलं काम: वही घ्या, एजंटला फोन नंतर

आपल्याकडे एजंटला फोन केला की तो विचारतो, "दुकान आहे ना? मग शॉपकीपर पॉलिसी घेऊन टाका." तुम्ही हो म्हणता आणि तिथेच गाडी चुकते. त्याआधी घरी बसून तुमचा एक पूर्ण दिवस लिहून काढा, सकाळी पहिला कुत्रा हातात घेतल्यापासून रात्री शटर पाडेपर्यंत, आणि प्रत्येक कामापुढे एवढंच लिहा की इथे गडबड झाली तर कोणाचं काय जाईल.

माझ्या वहीतलं एक पान सांगतो. दहा वाजता शित्झू आला, केसांच्या जटा, क्लिपर लावताना कातडी कापली जाऊ शकते: नुकसान कुत्र्याचं. नखं कापताना आतली शीर लागली, रक्त थांबेना: कुत्र्याचंच. बारा वाजता पग, ब्लोअरखाली, मे महिना, लाइट गेली आणि एसी बंद, नाक चपटं असल्यामुळे पगला धाप लवकर लागते आणि हीटस्ट्रोकने प्राणी दगावूही शकतो: कुत्र्याचा जीव. एक वाजता पोराला चावा: पोराचं. चार वाजता काकू बिल द्यायला आल्या, ओल्या फरशीवर पाय घसरला: काकूंचं. काचेचं दार उघडं राहिलं, बीगल रस्त्यावर, बाइकवाला ब्रेक मारून पडला: बाइकवाल्याचं, आणि बीगल सापडला नाही तर मालकाचं. रात्री नाला तुंबला, दुकानात पाणी, ब्लोअर गेले: माझं.

हे झालं की तुमच्या लक्षात येईल की सगळं नुकसान पाच डब्यांत पडतं. बाहेरचा माणूस, तुमच्या ताब्यातला प्राणी, तुमचा नोकर, तुमचं सामान आणि तुम्ही स्वतः. या पाचांना एकच पॉलिसी पुरत नाही. परदेशात पेट सिटर वगैरेंसाठी सगळं एका पाकिटात घातलेलं मिळतं म्हणे, आपल्याकडे काउंटरवर "पेट बिझनेसचा इन्शुरन्स द्या" म्हटलं की समोरचा पेट इन्शुरन्सचं ब्रोशर हातात देतो. ते कुत्र्याच्या मालकासाठी असतं, आजारपण, ऑपरेशन, हरवणं असलं सगळं. तुमच्या धंद्याचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

बाहेरचा माणूस: पब्लिक लायबिलिटी

आजोबांचा खुबा, काकूंचा पाय, बाइकवाला, हे सगळं या डब्यात. मागताना नाव नीट घ्या, कारण इथे एक गंमत आहे. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स अॅक्ट म्हणून एक कायदा आहे आणि त्याखाली जी पॉलिसी निघते ती धोकादायक रसायनं वगैरे हाताळणाऱ्यांसाठी आहे, भोपाळच्या वायुगळतीनंतर आलेला कायदा तो. तुम्हाला ती नको. तुम्हाला हवी "पब्लिक लायबिलिटी, नॉन-इंडस्ट्रियल रिस्क". नवीन एजंट हे दोन्ही मिसळतात, मी स्वतः पाहिलंय.

कोटेशनमध्ये रक्कम दोन आकड्यांत येते, १० लाख आणि २० लाख असं काहीतरी. पहिला आकडा एका घटनेला जास्तीत जास्त किती, दुसरा पूर्ण वर्षाला मिळून किती. मुंबईत प्रायव्हेट हॉस्पिटलात एका मोठ्या ऑपरेशनचं बिल कुठे जातं ते तुम्हाला माहितीये, त्यामुळे पहिला आकडा बघून घ्या, वर्षाचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका. शिवाय एक्सेस असतो, म्हणजे प्रत्येक क्लेममधली सुरुवातीची ठरलेली रक्कम तुमच्या खिशातून.

वॉकर असाल तर अजून एक विचारा, कव्हर फक्त दुकानाच्या पत्त्यावर आहे की बाहेर रस्त्यावर, बागेत, क्लायंटच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पण आहे? तुमचं ऑफिसच मुळात फाइव्ह गार्डन्स नाहीतर शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ आहे, पॉलिसी घरच्या पत्त्यावर असून काय उपयोग. आणि प्राण्यांमुळे झालेली इजा वगळलेली नाहीये ना हे पण.

एक गोष्ट कुठलीच कंपनी भरत नाही, ती म्हणजे दंड. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून लोकांच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची पुरेशी काळजी घेतली नाही तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलमात शब्द "ताब्यातला" असा आहे, "मालकीचा" नाही, त्यामुळे कुत्रा माझा नाही असं पोलिसांना सांगून चालत नाही.

ताब्यातला प्राणी: इथे सगळे फसतात

आता माझी चुकीची पॉलिसी. लायबिलिटी घेतली, पैसे भरले, कागद फाइलला लावला आणि निवांत झालो. पुढच्या दिवाळीत बोर्डिंगला ठेवलेला एक इंडी, म्हणजे देशी कुत्रा, फटाक्याला घाबरून जाळीतून निसटायला गेला आणि त्याचा पुढचा पाय फाटला, टाके, बिल साडेअकरा हजार. क्लेम टाकला. नाही म्हणाले. मी भांडायला गेलो तर समोरच्या मॅडमनी शांतपणे पॉलिसीचं सातवं पान उघडलं आणि एका ओळीवर पेन ठेवलं. ओळ इंग्रजीत, मतलब असा: इन्शुअर्डच्या केअर, कस्टडी किंवा कंट्रोलमध्ये असलेल्या मालमत्तेचं नुकसान कव्हर नाही. कायद्याच्या भाषेत कुत्रा म्हणजे मालमत्ता, आणि माझ्याकडे बोर्डिंगला म्हणजे माझ्या कस्टडीत. म्हणजे कुत्र्याने दुसऱ्याला चावलं तर कव्हर, आणि ज्या कुत्र्यासाठी लोक मला पैसे देतात त्यालाच काही झालं तर नाही! मॅडम बरोबरच होत्या, वाचलं मी नव्हतं.

आणि कायद्याने जबाबदारी मात्र पुरेपूर तुमचीच. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की १८७२ च्या करार कायद्यातलं कलम १५१ लागतं, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यायलाच लागते. त्याच कायद्यात पुढे कलम १६३ ला उदाहरणच गाईचं आहे, सांभाळायला दिलेली गाय व्यायली तर गाईबरोबर वासरू पण परत द्यायचं. दीडशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर जनावरच होतं. त्यामुळे फॉर्मच्या तळाला "अॅट ओनर्स रिस्क" छापून घेतलंय म्हणून आपण सुटलो असं समजू नका, निष्काळजीपणा दिसला तर ग्राहक आयोगात त्या ओळीच्या भरवशावर उभं राहता येत नाही.

मग करायचं काय? कोटेशन मागतानाच हा एक प्रश्न लेखी विचारायचा, ईमेलवर, फोनवर नाही. मी आता असं लिहितो, हवं तर कॉपी करा (एन्डोर्समेंट म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कलम, एक्स्क्लुजन म्हणजे वगळलेली गोष्ट):

"धंदा: कुत्री-मांजरांचं ग्रूमिंग आणि बोर्डिंग. एका वेळी जास्तीत जास्त ६ प्राणी. ग्राहकाचा प्राणी आमच्या ताब्यात असताना त्याला इजा झाली, तो मेला, हरवला किंवा चोरीला गेला तर डॉक्टरचा खर्च आणि प्राण्याची किंमत कव्हर होते का? होत असेल तर कुठल्या कलमाने किंवा एन्डोर्समेंटने, आणि एका प्राण्यामागे मर्यादा किती? केअर, कस्टडी, कंट्रोलचं एक्स्क्लुजन आमच्यासाठी शिथिल होऊ शकतं का?"

चार ठिकाणी पाठवलं की दोन ठिकाणाहून उत्तरच येत नाही, एक जण "हो हो सगळं कव्हर आहे" असं फोन करून सांगतो (त्याला म्हणायचं, हेच मेलवर टाका), आणि एखादा खरंच अंडररायटरला (कव्हर द्यायचं की नाही ते ठरवणारा कंपनीतला माणूस) विचारून जादा प्रीमियमवर मर्यादित कव्हर काढून देतो. तो चौथा माणूस सोडू नका.

नाहीच मिळालं तर दोन उपाय. बोर्डिंग घेताना मालकाला विचारा, त्याच्या कुत्र्याची स्वतःची पेट पॉलिसी आहे का, असली तर कॉपी घ्या, म्हणजे निदान डॉक्टरचा खर्च कुठून तरी निघेल. आणि दर बुकिंगमागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकत जा. मी पन्नास रुपये टाकतो. टाके, नखाचं रक्त, कानाचं इन्फेक्शन असल्या लहानसहान गोष्टी त्यातूनच निघतात, आणि खरं सांगायचं तर दोन-चार हजारांसाठी क्लेम करण्यापेक्षा ते बरं पडतं.

आजाराचं वेगळं बघा. पार्वो, डिस्टेंपर, केनेल कफ एकाला झाला आणि चौघांना लागला तर संसर्गजन्य आजार बहुतेक ठिकाणी वगळलेला असतो. तिथे पॉलिसीपेक्षा लसीकरणाचं कार्ड बघितल्याशिवाय आत न घेणं हेच कामाला येतं, मग समोर कितीही ओळखीचा माणूस असू दे.

डॉक्टर आणि ट्रेनर

डॉक्टरांना प्रोफेशनल इन्डेम्निटी हवी, चुकीचं निदान, भूल, ऑपरेशन यातल्या चुकीसाठी. राज्याच्या व्हेटरिनरी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेवा, ते लॅप्स झालेलं असताना क्लेम टाकणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. ट्रेनरांनी विचारावं, सल्ला चुकल्यामुळे झालेलं नुकसान धरतात का.

आणि ग्रूमरांनो, हात जोडून सांगतो, कुत्रा शांत राहावा म्हणून गोळी-इंजेक्शन देऊ नका. "भाऊ थोडंसं दे ना" असं मालकच म्हणतो, पण काही झालं की तोच आधी तक्रार करतो आणि ते काम तुमचं नसल्यामुळे कुठलीही पॉलिसी तुमच्या बाजूने उभी राहत नाही.

नोकर आणि तुम्ही

मदतीला एक जरी माणूस असला तरी एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन पॉलिसी घ्या, बाजारात अजून सगळे तिला डब्ल्यूसी म्हणतात, वर्कमेन्स कॉम्पेन्सेशनचं डब्ल्यूसी. फॉर्ममध्ये पगार खरा लिहा, प्रीमियम वाचवायला कमी लिहिला की क्लेमला तोच आकडा धरतात. कामाचं वर्णन "हेल्पर" असं मोघम नको, "प्राणी हाताळणे" असं स्पष्ट हवं. दहा किंवा जास्त माणसं झाली तर ईएसआयचं (कामगारांचा सरकारी विमा) बघायला लागतं, पण तेवढे मोठे झालात तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

चावा बसला तर पॉलिसी नंतर, आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शनला पाठवा. सरकारी नाहीतर महापालिकेच्या हॉस्पिटलात फुकट मिळतं. एक घेऊन सोडायचं नाही, कोर्स पुरा करायचा, रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही. या लाइनमधल्या प्रत्येकाने चावा बसायची वाट न बघता आधीच रेबीजची लस घेऊन ठेवावी हे पण डॉक्टरला विचारा.

स्वतःसाठी पर्सनल अॅक्सिडेंट घ्या, त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचा आठवड्याचा भत्ता आहे का बघा. मनगट मुरगळलं तर ग्रूमरचा महिना गेला आणि आपल्याला पगारी रजा कोण देणार. बँकेतून निघणारी पंतप्रधान सुरक्षा बीमा योजना वर्षाला २० रुपयांत आहे, १८ ते ७० वयाला, अपघाती मृत्यूला २ लाख, ती असू द्याच, पण हॉस्पिटलचं बिल ती देत नाही.

सामान, दुकान आणि पाणी

इथे जरा सोपं आहे. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची एकसारखी पॉलिसी आहे, एका जागेवरची इमारत, मशिनरी, माल सगळं मिळून ५ कोटींपर्यंत असेल तर. आग, वादळ, पूर, पाणी भरणं हे मुळातच आत आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता तो आठवणारी पिढी तळमजल्यावर गाळा घेताना आधी पाण्याचं विचारते, तुम्ही पण विचारा. साधी घरफोडी वेगळी घ्यायला लागते.

रक्कम कमी लिहू नका. समजा टब, टेबल, ब्लोअर, एसी, माल मिळून ६ लाखांचं आहे आणि तुम्ही ३ लाखच लिहिलंत, पाण्यात २ लाखांचं गेलं, तर मिळणार १ लाख, त्यातून एक्सेस वजा. अर्ध्याचाच विमा होता म्हणून नुकसान पण अर्धंच. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ आहे, त्यापुढे कात्री लागते.

फ्लॅटमध्येच बोर्डिंग करणाऱ्यांची संख्या बरीच आहे, तर घराच्या पॉलिसीवर धंदा चालत नाही, प्रपोजल फॉर्ममध्ये जागेचा खरा वापर लिहा. सोसायटीची कटकट आपल्या जागी, ती वेगळी निस्तरा.

गाडीवाल्यांनो, पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीतून पैसे घेऊन कुत्री नेता ना? खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर सरळ वगळलेला असतो. पेट टॅक्सी करायची तर कमर्शियल रजिस्ट्रेशन आणि त्याचाच विमा.

कोणाकडून घ्यायचं

एजंट कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा आणि चार कंपन्यांकडे विचारू शकतो. आपला धंदा चाकोरीबाहेरचा असल्यामुळे मी ब्रोकर बघा म्हणेन, लायसन्स आयआरडीएआयच्या (विमा धंद्यावर देखरेख करणारी सरकारी संस्था) साइटवर तपासून. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांच्या ब्रँचमध्ये स्वतः जाऊन बसायची तयारी असेल तर तेही करून बघा, वेळ जातो पण समोर माणूस भेटतो. धंद्याच्या पॉलिसीवर १८ टक्के जीएसटी लागतो, कोटेशन त्याच्यासकट मागा.

कागद लागतील ते: पॅन, गुमास्ता (दुकानाची सरकारी नोंदणी), उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होतं, कोणाला पैसे देऊ नका), जागेचं भाडेपत्र. पेट शॉप असेल तर २०१८ च्या पेट शॉप रूल्सखालचं आणि कुत्र्यांचं ब्रीडिंग असेल तर २०१७ च्या नियमांखालचं रजिस्ट्रेशन. आणि पैसे कंपनीकडे पोचल्याशिवाय कव्हर सुरू होत नाही, एजंटच्या हातात चेक दिला म्हणजे झालं असं नाही, पॉलिसीवरची तारीख आणि वेळ बघा.

लायबिलिटी पॉलिसी बऱ्याचदा "क्लेम्स मेड" असतात, म्हणजे क्लेम तुमच्यावर येईल त्या दिवशी पॉलिसी चालू हवी आणि घटना त्यावर लिहिलेल्या रेट्रोअॅक्टिव्ह तारखेनंतरची (मागच्या कुठल्या दिवसापासूनच्या घटना धरतात ती तारीख) हवी. मध्ये महिनाभर गॅप पडला की ही जुनी तारीख जाते, म्हणून कंपनी बदलताना जुनी तारीखच पुढे लिहून घ्या.

झालंच काही तर

जखमी माणूस किंवा प्राणी आधी. प्राणी असेल तर परळच्या बैलघोडा (जनावरांच्या) हॉस्पिटलला न्या नाहीतर जवळच्या डॉक्टरकडे, पण केसपेपर आणि बिल तुमच्याकडे राहू द्या. फोटो काढा, वेळ लिहा, सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी उतरवून घ्या, नंतर ते पुसलं जातं. कंपनीला त्याच दिवशी मेल. क्लायंटला माणुसकीने बोला, फोन करा, भेटायला जा, पण "माझी चूक आहे, सगळे पैसे मी देतो" असं व्हॉट्सॅपवर लिहून देऊ नका, कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल केली की पॉलिसीची अट मोडते. भिजलेलं सामान सर्व्हेअर (नुकसान मोजायला कंपनी पाठवते तो) येऊन बघेपर्यंत भंगारवाल्याला द्यायचं नाही, कितीही वास आला तरी.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, मुंबईचं ऑफिस सांताक्रूझ पश्चिमेला आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे मामले बघतात, नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. तिथे धंद्यातले सगळेच जाऊ शकत नाहीत, एकट्या मालकीवाले आणि सूक्ष्म उद्योग जाऊ शकतात, म्हणूनच ते उद्यमचं सर्टिफिकेट आजच काढून फाइलला लावा.

माझी पॉलिसी मे मध्ये रिन्यू होते, मुद्दाम ठेवलीये पावसाच्या आधी. त्या दिवशी दुपारी दुकान दोन तास बंद ठेवतो, जुनी वही काढतो आणि वर्षभरात काय नवीन सुरू केलं ते बघतो. यंदा मांजरांचं बोर्डिंग वाढलंय, म्हणजे परत तोच मेल, फक्त आकडा ६ चा १०.